शेठची हाक

मला इंटरव्ह्यूचं ट्रेनिंग माझ्या आईनं दिलं. (तिनं आयुष्यात एकही इंटरव्ह्यू दिला नव्हता, पण आमच्या खानदानात तो कुणीच दिला नव्हता, म्हणून तीच सीनियर!)

बी.कॉम. होऊन मी घरी बसलो होतो. अशात बोथ गावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाला माणूस पाहिजे असल्याचं कळलं. आई तिथल्याच बाजारात व्यापाऱ्यांना वांगी विकायची. म्हणाली, "पयला आकडा कबूल करू नको. टोपली उचलाची अन् चालाला लागाचं. व्यापारी हाक मारतेच!"

"माय, माह्याजवळ टोपली कुठं हाये?"

"फाइल हाये ना!"

शेठ गादीवर लोडाला टेकले होते. मी नवी चप्पल दाराशी काढून आत गेलो. त्यांनी हिशेब घातले, मी पटापट सोडवले. शेठ खूश! त्यांनी पगार सांगितला. तो ऐकून खरं म्हणजे नाचावंसं वाटलं; पण ट्रेनिंग म्हणजे ट्रेनिंग! "इतने में नहीं जमता, शेठजी," म्हणालो, फाइल उचलली आणि निघालो.

हाक नाही.

मी चाल मंदावली. खोकलो. दारात थांबून उगाच छताकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "जाते जाते पंखा बंद कर देना."

बाहेर आई उभी. "मारली हाक?"

"नाई."

"मंग अजून चाल!"

चालत चालत बसस्टँड आलं. हातातली नोकरी चालली होती! तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ बी.कॉम.! रुको!" जिनिंगचा हमाल धावत येत होता. मी वळणार, तर आईनं दंड धरला. "पयल्या हाकेवर वळू नको! भाव पडते!"

आम्ही वेग वाढवला. हमालानंही वाढवला. अख्खं बसस्टँड बघायला लागलं! शेवटी त्यानं धापा टाकत गाठलं आणि माझी नवी चप्पल माझ्या हातात दिली. (मी अनवाणी आहे, हे भर बाजारातून येतानाही दोघांच्या लक्षात आलं नव्हतं!)

आईनं चपलेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "घाल चप्पल. जा वापस. म्हण, जमते."

गेलो. शेठनं वर न बघताच विचारलं, "जम गया?"

"जी. वही पगार..."

"वो सुबह का भाव था."

नोकरी मिळाली, पण उतरलेल्या भावात. तरी आईनं गल्लीभर साखर वाटली. पगार कमी कसा, असं कुणी विचारलं की मला बोलूच द्यायची नाही. माझ्या गालावरून हात फिरवत स्वतःच सांगायची, "सकाळी पोरगं ताजं होतं हो बाई. दुपारपर्यंत सुकलं!"