भोपळ्याच्या वेलाला राख

लुईझा रडली नाही. नवऱ्याला, सॅन्टनला, निर्मळच्या चर्चमागच्या मातीत ठेवलं तेव्हाही नाही आणि घरी परतल्यावरही नाही. बायका कुजबुजायला लागल्या. मी म्हटलं, गप्प बसा गं, तुमच्यासमोर रडायचा मक्ता घेतलाय का तिने? मी बेला, तिची शेजारीण. दोघींच्या परसांमध्ये एक कुंपण, तेवढंच.

इंग्रज गेले, स्वराज्य आलं, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. सॅन्टन दुसऱ्यांच्या केळीबागांत रहाट हाकायचा. स्वतःचं म्हणावं असं परसातलं चार हात वावर, आणि तिथे दरसाल लाल भोपळा. बी त्याच्या आईचं. मागच्या साली माशी लागून भोपळे आतून सडले, धड निघाला तो एकच. त्याचं सगळं बी यंदा लावून टाकलं पठ्ठ्याने. मी म्हटलंही, अरे, मूठभर तरी मागे ठेव! हसला नुसता. वेलाला चार पानं फुटली आणि हा तापाने गेला.

तांबडे भुंगे कोवळ्या पानावर टपलेलेच असतात. बघता बघता पानाची चाळण करतात. उपाय एकच, सकाळी दंव असताना चुलीतली राख. पण भुंगे बसतात पानाखाली, म्हणून काम दोघांचं. सॅन्टन पान उचलून धरायचा, लुईझा खालून राख मारायची. रोज कुरकुर ऐकू यायची.

"नीट धर की!"

"डोळ्यांत घालतेस काय माझ्या?"

आता राख आणायची कुठून? आमच्या वाडीत मयताच्या घरची चूल राख काढून सारवतात आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा होईपर्यंत ती पेटत नाही. जेवण शेजारून येतं. आम्ही भात नेला, कालवण नेलं, पेज नेली. राख कोण नेणार? कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि दुखवट्यातली बाई दुसऱ्याच्या दारात जात नाही. ती मागल्या पायरीवर बसून वेलाकडे बघत राहायची. ताट तसंच. विचारलं तर म्हणायची, "बरंय." काय बरंय, कपाळ!

चौथ्या सकाळी तिच्या कौलांतून धूर निघाला. मी धावले. चुलीत नारळाची सोडणं धडधडत होती, वर भांडं काही नाही.

"लुईझाबाय, वेड लागलं का? लोक काय म्हणतील? भूक लागली तर मला हाक मारायची!"

"भूक नाही गं. राख हवी. उद्यापर्यंत वेल राहणार नाही."

आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मी चांगलं सुनावलं, तिने ऐकलंच नाही. राख निवेपर्यंत चुलीसमोर बसून राहिली, मग सुपात भरून परसात गेली. मी मागोमाग, भांडायलाच.

केळीच्या सावलीत दंव अजून होतं. पानांची जाळी झाली होती, पण शेंडे जिवंत होते. ती वाकली, मूठ भरली आणि तशीच थांबली.

"धर की," ती म्हणाली.

मला नाही. वेलापलीकडे, जिथे तो उकिडवा बसायचा तिथे बघून. बोटांतून राख गळत होती.

"धर की पान."

मग तिला कळलं. मी पलीकडे जाऊन बसले आणि पान उचललं.

"नीट धर," लुईझा म्हणाली आणि रडायला लागली. रडत रडतच तिने खालून राख मारली.