डाव्या अंगठ्याचा ठसा

मास्तर, तुझा अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. शिंप्याला सगळं गाव मास्तर म्हणतं, म्हणून सख्खी थोरली बहीण असून मीही तेच म्हणत आले. आता रागावलास तरी चालेल, सरळच लिहिते.

सुरुवात त्या कोटापासून झाली. गिऱ्हाइकाने कोट अंगात घातला आणि डावा हात उघडाच.

"मास्तर, दुसरी बाही कुणासाठी राखून ठेवलीत?"

"दोन्ही लावल्यात की!" तू ठसक्यात म्हणालास.

चाळीस वर्षांत एक टाका न चुकलेला माणूस तू. आम्ही पोट धरून हसलो. मग ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहू लागलं, दाढी अर्धीच होऊ लागली, तेव्हा हसू आटलं. मेंदूत उजवीकडे गाठ. डॉक्टर म्हणाले, डावी बाजू आता यांच्या लेखी नाहीच.

कात्री बंद झाली. अपंगांचा भत्ता मिळाला नाही तर घरात चूल पेटणार नव्हती.

कचेरीत खिडकीमागच्या कारकूनबाईंनी अर्ज चाळला. "सही ठीक. आता इथे डाव्या अंगठ्याचा ठसा."

मी तुझा डावा हात उचलून तुझ्यासमोर धरला. तू तो निरखून पाहिलास.

"हा कुणाचा?"

"तुझाच. आणखी कुणाचा?"

"ताई, थट्टा पुरे. हा मघापासून शेजारी बसलाय. बोलत काही नाही."

"अरे, बोटावर सुईचे वण बघ!"

"मग तोही शिंपीच असेल बिचारा."

कारकूनबाई हसल्या नाहीत. "काका, लावून टाका. मागे रांग आहे."

"दुसऱ्याचा अंगठा लावून सरकारचे पैसे खाऊ? बाई, मी उरलेली चिंधीसुद्धा परत देतो."

मला काही धीर धरवेना. मी मनगट पकडलं आणि अंगठा शाईवर दाबू लागले. त्या हातात जोर उरलेला नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तरी त्या बोटांनी माझी बोटं गच्च आवळली. तू मात्र दाराकडे बघत शांत बसला होतास. बाईंनी बाहेर येऊन एकेक बोट उलगडलं, तेव्हा मी सुटले. ठसा न घेताच अर्ज परत देताना त्यांनी तो कोपऱ्याला धरला होता. "सोमवारी या," एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी तू मला खाटेजवळ बोलावलंस. "ताई, तू शिकलेली, तुला बोलता येतं. याच्या घरी जाऊन विचारून ये, ठसा घेतला तर चालेल का. नाही म्हणाले तर भांडू नकोस."

"पत्ता?"

"त्यालाच विचार. मला सांगत नाही."

मी चपला घातल्या, जिन्याखाली दहा मिनिटं उभी राहिले आणि वर येऊन सांगितलं, घराला कुलूप आहे.

"मग संध्याकाळी परत जा."

संध्याकाळपर्यंत तू राहिला नाहीस. मीही गेले नाही.