सावडीच्या बाया आणि पाहणीच्या बाई

पाहणीच्या बाई जीपमधून उतरायच्या आधीच विचारायला सुरुवात करायच्या. गोरेगावची जीप आमच्या फाट्यावर थांबायची. बाईंचा एक पाय खाली, दुसरा अजून फळीवर, आणि समोर जी कोण दिसेल तिला प्रश्न, "लेकरू कितीचं? जन्माची नोंद केली का? आई कामाला जाते का?" नमस्कार नाही, बरं आहे का नाही. एकदा फाट्यावर बसलेल्या म्हातारीलाही त्यांनी हेच विचारलं. म्हातारी म्हणाली, "माझं लेकरू आता सासरा झालं माय. करती का त्याची नोंद?" बाई हसल्या नाहीत. "सहा वर्षांच्या वर आहे, बसत नाही," म्हणाल्या आणि पुढं निघाल्या.

तेव्हापासून आमच्या वस्तीत त्यांचं नाव 'बसत न्हाई बाई' पडलं. नियमात बसत नाही, एवढं लांब बोलायला त्यांना वेळ नसायचा. उंच, वाळकी बाई. पायात गड्यासारख्या जाड चपला, साडी घोट्याच्या वर खोचलेली. चहा दिला तर नको म्हणायच्या. पण रस्त्यात एखाद्या लेकराचं नाक वाहताना दिसलं, की आधी त्याच्या आईला बोलायच्या आणि मग स्वतःच्याच पदरानं ते पुसायच्या. तो पदर परत जाईपर्यंत बघण्यासारखा झालेला असायचा.

त्यांचं काम असं. सरकारी पैशातून एखाद्या गावात पाळणाघर काढायचं, तर तिथं त्याला लायक लेकरं आहेत का, हे बघून वर कळवायचं. मोठ्या गावात अंगणवाडी होती, पण ती दुपारपर्यंत. लेकरानं खिचडी खाल्ली की ते घरी, आणि आई वावरातून येणार दिवस मावळताना. पाळणाघर दिवसभराचं. त्याचे नियम बाईंना पाठ होते. लेकरू सहा महिन्यांच्या पुढचं आणि सहा वर्षांच्या आतलं पाहिजे. घरचं उत्पन्न कमी पाहिजे. आई मजुरीला जाणारी पाहिजे. आणि अशी पंचवीस लेकरं एका ठिकाणी पाहिजेत. चोवीस भरली तरी पाळणाघर नाही.

मला ते पाळणाघर पाहिजेच होतं. माझी थोरली सुनंदा तेव्हा नुकतीच चौथीत गेली होती आणि धाकटा दीड वर्षाचा. मी वावरात गेले की तो तिच्या कडेवर. सासूच्या डोळ्यांना कमी दिसायचं, तिच्याजवळ दुडदुडतं पोर ठेवायची सोय नव्हती. गुरुजींनी सुनंदाला सांगितलं होतं, लेकरू घेऊन वर्गात बसायचं नाही, आणि अशीच गैरहजर राहिलीस तर नाव कमी करीन. मी स्वतः चौथीनंतर अशीच घरी बसले, भाऊ सांभाळायला. मला कुणी विचारलं नव्हतं. सुनंदाचं तसं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यासाठी लेकरू ठेवायला जागा पाहिजे होती, आशीर्वाद नको होते.

पहिली पाहणी झाली तेव्हा मी वावरात होते. बाईंनी माझ्या सासूला विचारलं, "मावशी, सुना मजुरीला जातात का?" सासू ताठ झाली. "आमी कुणाच्या दारात मजुरीला जात न्हाई. आमची वावरं हायती." शेजारची सखू खुरपं हातात घेऊन उभी होती. तिला विचारलं, तर तीही म्हणाली, "न्हाई बाई. आमीबी न्हाई." एकीनं म्हटलं की दुसरी कशी मागं राहील? सगळ्या वस्तीनं मान उंच करून हेच सांगितलं. बाईंनी प्रत्येकीपुढं लिहिलं, 'आई घरी'. झालं. एकही लेकरू लायक निघालं नाही.

यात सासू खोटं बोलली नव्हती. आमची वस्ती बौद्धांची. सासऱ्याच्या तरुणपणापर्यंत घरचे सगळे मोठ्या गावात सालानं राबायचे. मग त्यांनी गायरानातले दगड वेचले, झुडपं तोडली आणि आपापली वावरं केली. तुकडे लहान, माणूस लावायची ऐपत नाही, म्हणून सगळं सावडीनं. आज साऱ्याजणी माझ्या वावरात, उद्या सखूच्या, परवा तिसरीच्या. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही. राबणं मजुराइतकंच, उलट जास्त. पण मजुरी मागं टाकून आलो, ही त्या म्हाताऱ्या माणसांची एकुलती एक कमाई होती. ती सरकारी बाईपुढं सांगायची संधी ते कसे सोडतील?

मी मात्र भडकले. पुढच्या खेपेला बाई परत निघाल्या, तेव्हा फाट्यावर त्यांना गाठलं.

"काहून लिहिलं आमी घरी असतो म्हणून?"

"तुमच्याच सासूबाईंनी सांगितलं."

"तुमाला डोळे न्हाईत का? घरी बसलेल्या बाईच्या पोटऱ्यांना असा गाळ लागतो व्हय?"

"कागदात गाळाचा रकाना नाही," बाई म्हणाल्या. "आणि माझ्यावर ओरडू नका. नियम मी केला नाही. मी केला असता तर बरा केला असता."

हे शेवटचं वाक्य त्या नेहमी म्हणायच्या. ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. पण एक खरं, त्या भांडायला थांबायच्या. बाकीचे साहेब आपण बोलायला लागलो की गाडीत बसायचे. बाईंनी जीप जाऊ दिली, पुलाच्या कठड्यावर बसून डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि अर्ज कसा करायचा ते सांगितलं. अर्ज आईच्या नावानं. ग्रामपंचायतीतून लेकराच्या जन्माची नोंद. रेशन कार्ड. तलाठ्याच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला. आणि ज्याच्या शेतात कामाला जाता, त्या मालकाचा दाखला, त्यावर सरपंचाची सही.

मी तलाठ्याकडं गेले. तो म्हणाला, "उत्पन्न कशाचं?" मी म्हटलं, "वावराचं." "वावर कुठं आहे?" "गायरानात." "ते तर सरकारचं. तुझं कसं दाखवू?" म्हणजे बाईंच्या कागदात आम्ही मजूर नाही म्हणून लायक नाही, आणि तलाठ्याच्या कागदात शेतच नाही म्हणून दाखला नाही. हे बाईंना सांगितलं, तर त्या मला घेऊन परत तलाठ्याकडं गेल्या. "शेत नाही ना? मग भूमिहीन लिहा. पण काहीतरी लिहा," म्हणाल्या. त्यानं लिहिलं. तीस वर्षं दगड वेचलेल्या सासूला घरी येऊन मी सांगितलं की आपण भूमिहीन आहोत. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

राहिला कामाचा दाखला. त्यासाठी बाईंनी आम्हाला समाजमंदिरात बसवलं. म्हणाल्या, "सावडीत ज्या दिवशी जिच्या वावरात काम, त्या दिवशी ती मालकीण. मग एकमेकींना दाखला द्या. सखू तुम्हाला देईल, तुम्ही सखूला द्या."

सासू उसळली. "म्हंजी मी सखूची मजूर? जिला खुरपं धरायला मी शिकवलं तिची?"

सखू म्हणाली, "आत्या, एक दिस तर होऊ द्या. लवकर या बरं कामाला, मी लई कडक मालकीण हाय."

बाया हसल्या. सासू हसली नाही. "कागदावरबी होनार न्हाई," म्हणाली.

बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मजुरी सोडली ते फार बरं केलं. पण ही सुनंदा उद्या शाळेतून निघाली तर काय करील? दुसऱ्याच्या वावरात मजुरीलाच जाईल. तुमच्यापासून सुटलेलं तिच्यापाशी येईल."

सासूनं सुनंदाकडं बघितलं. मग अंगठा पुढं केला. "आना ती शाई. पन सखूच्या दाखल्यावर माझा अंगठा आधी लावा. आधी ती माझी मजूर."

दाखले झाले. सरपंचानं ते वाचले आणि परत केले. "हिच्या शेतात काम करते, असं लिहिलंय. मी सही केली म्हणजे गायरान तुमचं शेत झालं. उद्या हाच कागद घेऊन कोर्टात जाल." बाई म्हणाल्या, "मला शेताशी देणंघेणं नाही. मला लेकरांशी आहे." सरपंच म्हणाला, "मला शेताशी आहे." तो त्याच्या बाजूनं बरोबरच बोलत होता. आमचं काम नडलं ते नडलंच.

बाहेर येऊन बाईंनी चपलेनं एक दगड उडवला. मग म्हणाल्या, "उद्या खुरपणी कुणाच्या वावरात?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या वावरात आल्या. खुरपणीच्या ओळीत आम्ही सगळ्या बाया. बांधावरच्या लिंबाखाली लेकरं. रांगणाऱ्या दोघांच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून ती खोडाला अडकवलेली, कारण पलीकडं विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. सगळ्यांवर राखण सुनंदाची. बाईंनी तिला विचारलं, "आज शाळा नाही का?" सुनंदा म्हणाली, "हाय की. पन ह्यांला कोन बघंल?" बाईंनी कागद काढले. ढेकळावर बसून प्रत्येकीला हाक मारून तिचं नाव लिहिलं, तिचं लेकरू कोणतं ते लिहिलं, आणि खाली लिहिलं, 'सर्व माता कामावर असताना मी स्वतः पाहिले.' सरपंचाच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली. लेकरं सव्वीस भरली. म्हणाल्या, "हे चालेल का ते मला माहीत नाही. बोलणी मी खाईन."

कागद वर गेले आणि तिथंच राहिले. त्याच सुमाराला आपला जिल्हा वेगळा झाला. मग आमचे कागद जुन्या जिल्ह्यात की नव्या, हे कुणी सांगेना. बाई यायच्या, मी विचारायची, त्या म्हणायच्या, "वर आहे." मी म्हणायची, "वर म्हंजी आभाळात का?" इकडं गुरुजींनी बोलल्याप्रमाणं सुनंदाचं नाव कमी केलं. त्यांचाही नियम होता. नियम सगळ्यांपाशी होते. लेकरू फक्त सुनंदापाशी होतं.

पाळणाघर मंजूर झालं तेव्हा धाकटा पाच वर्षं ओलांडून गेला होता आणि सुनंदाला तेरावं लागलं होतं. समाजमंदिरात सतरंजी टाकली, पाळणे टांगले, लेकरं आली. सगळ्या बाया खूश. मी लांबच उभी राहिले. बाई माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "याला सहा पूर्ण व्हायला अजून थोडे महिने आहेत. तेवढे महिने हा इथं बसेल. पोरगी कुठं आहे?"

"आता काय करता पोरीचं? एवढी घोडी चौथीत बसवता का?"

"बसवते," म्हणाल्या आणि सुनंदाचा हात धरून शाळेत निघाल्या. गुरुजी वयाची अडचण सांगू लागले. बाई दारातून हलल्या नाहीत. "वर्ग भरवायचा तर मला ओलांडून भरवा," असं म्हणाल्याचं सुनंदानं घरी येऊन सांगितलं, रडत. तिला लाज वाटत होती. खांद्याएवढ्या पोरांच्या मागं, भिंतीला टेकून ती बसायची. पण बसली. चौथी झाली, पुढं सातवी झाली. आठवी गोरेगावला होती, जीपनं जावं लागायचं. घरात तयार कुणी नव्हतं. अठरा झाल्यावर तिचं लग्न लावलं.

बाईंची बदली झाली होती. त्यानंतर एकदाच भेटल्या, बऱ्याच वर्षांनी, सेनगावच्या बसस्टँडवर. केस पांढरे, चपला त्याच जातीच्या. मला ओळखलं आणि लगेच म्हणाल्या, "सुनंदा कुठवर शिकली?"

"सातवी."

"सातवी? त्यासाठी मी त्या दारात उभी राहिले?"

"तुमचं पाळणाघर वेळंवर आलं असतं, तर दहावी झाली असती."

"ते माझ्या हातात होतं का?"

"मग माझ्या तरी हातात काय होतं?"

दोन म्हाताऱ्या भांडताना बघून माणसं गोळा झाली. बाईंनी पिशवी खाली ठेवली. जरा शांत होऊन विचारलं, "आता काय करते?"

"सासरी अंगणवाडीत मदतनीस हाय. सातवी पास लागत होती, म्हणून घेतलं."

"दहावी असती तर सेविका झाली असती."

"तेच तर बोंबलून राहिले मी."

"माझ्यावर बोंबलू नका," म्हणाल्या. पण आवाज बारीक झाला होता. गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर दिली. त्यांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं नाही, आणि मीही गाडी निघेपर्यंत थांबले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कळलं की बाई वारल्या. सुनंदाच्या गावी गेले तेव्हा तिला सांगितलं. ती अंगणवाडीमागं खिचडीचं भांडं घासत होती. हात थांबले नाहीत. भांडं पालथं घालून म्हणाली, "आई, बाहेरून दहावीला बसता येतं, असं सेविकाबाई म्हणून राहिल्या."

मी म्हटलं, "मग बस की. आधी कागद कोणते लागतात ते विचारून ये. आणि कुणी न्हाई म्हटलं, तर दारातून हलू नको."