शेवटचे चार आकडे

आमच्या दुकानातली डिस्कवाली एकच नंबर दोनदा वाचून घ्यायची. दोन्ही वेळा जुळल्याशिवाय तिचं बोट माउसवर दाबलं जायचं नाही.

धाराशिवच्या बसस्टँडजवळ जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. मी तिथं अकरा वर्षं झाडलोट करते, चहा करते. ती मुरुमहून आली आणि आठ दिवसांत मॅडम झाली. शेठ मला अजून "ए मावशी" म्हणतात. तिच्यासाठी नवी खुर्ची आली, पंखा आला. पंख्याचं तोंड कायम तिच्याकडं. माझ्या पोटात दुखायचं. माझी ही वही कोण वाचतंय, म्हणून खरं ते लिहिते.

कचेऱ्यांतले जुने कॉम्प्युटर विकायच्या आधी त्यांच्या डिस्कमधलं सगळं कायमचं मिटवायचं, हे तिचं काम. मी एकदा म्हटलं, "डिलीट केलं की झालं की! माझी नात फोनातलं तसंच उडवती."

ती हसली. "मावशी, डिलीट म्हंजे दारावरची पाटी काढली, एवढंच. माणसं आतच असत्यात. आपण घर रिकामं करतो." मग तिचा प्रोग्राम डिस्कभर शून्यं लिहीत राहायचा आणि ती तासन् तास समोर बसून असायची. हे कसलं काम, असं मला वाटायचं. लगेच वाटायचं, आपल्याला का नाही मिळालं?

प्रत्येक डिस्कवर नंबर असतो. दुकानाच्या नोंदवहीतले शेवटचे चार आकडे ती म्हणायची, डिस्कवरचे मी वाचायचे. चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे येतात. ती म्हणायची, "दुसऱ्याचे डोळे लागतात, मावशी. आपले डोळे आपल्याला नुसतं व्हय म्हणतात."

एकदा एका म्हाताऱ्या गुरुजींनी दोन डिस्क आणल्या. एक मिटवायची होती. दुसरीत त्यांच्या वारलेल्या बायकोचे फोटो होते, ती ठेवायची होती. तिनं दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी टेबल पुसताना माझ्या ओल्या फडक्यानं त्या निघाल्या. मी अंदाजानं परत चिकटवल्या.

दुपारी तिनं 'मिटवा' लिहिलेली डिस्क जोडली. नोंदवहीत बघून म्हणाली, "चार चार सात एक."

डिस्कवर चार चार एक सात होतं. मला कळलं, मी चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या होत्या. तरी मनात आलं, होऊ दे एकदा हिच्या हातून. मी म्हणाले, "जुळतंय."

तिनं माउसवर हात ठेवला. "आता दुसऱ्यांदा."

डिस्क न्यायला आलेले गुरुजी बाकावर रिकामी पिशवी मांडीवर धरून बसले होते. मी त्या पिशवीकडं बघितलं आणि म्हणाले,

"थांबा. न्हाय जुळत."

तिनं घाईनं डिस्क काढली. "पहिल्यांदा दिसलं न्हाय का, मावशी?"

"न्हाय दिसलं."

शेठना ती म्हणाली, "आज मावशींनी वाचवलं बघा."

"ए मावशी, लई शाणी झालीस की!" शेठ म्हणाले.

त्या दिवसापासून तर मला तिचा जास्तच हेवा वाटायला लागला.

पुढं तिला पुण्यात काम मिळालं. जाताना तिनं मला चष्मा दिला. माझे डोळे चांगले आहेत. तिला ते ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. चष्मा पेटीत आहे. पुण्यात तिच्याजवळ उभी राहून कोणी आकडे वाचत असेल, तर तिचाही मला हेवा वाटतो.

आता त्या खुर्चीवर नवे साहेब बसतात. ते एकदाच बघतात. मी फडकं ठेवून जवळ जाते. "साहेब, शेवटचे चार आकडे म्हणा." ते वैतागतात, पण म्हणतात. मी वाचते. त्यांचं बोट माउसकडं गेलं की म्हणते, "आता दुसऱ्यांदा."