फॅमिलीवाल्यांची बाग

शारजात खाडीच्या काठाला एक मोठी बाग होती. हिरवळ, कारंजी, पाण्याकडे तोंड केलेली बाकं. शुक्रवारी तिथे फक्त फॅमिलीला सोडायचे. एकटा पुरुष दिसला की गेटवरूनच परत. आम्ही नवराबायको आणि लेक दर दोन आठवड्यांनी जायचो, त्यामुळे या नियमाचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

माझे मोठे दीर शारजाच्याच औद्योगिक क्षेत्रात वेल्डर होते. सोळा-सतरा वर्षं कंपनीच्या कॅम्पात काढली. कंपनीची बस बागेवरून जायची, तेवढीच त्यांची बागेशी ओळख. मग कंपनीने माणसं कमी केली, यांचा व्हिसा कॅन्सल झाला, शनिवारचं तिकीट आलं. आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा लेकीकडे बघत म्हणाले, "तुझी काकी फोनवर म्हणाली, येताना तिथला एक चांगला फोटो आणा. आजवर सगळे फोटो कॅम्पातले नाहीतर स्टुडिओतले. त्या बागेत काढू या का गो?"

लेकीकडे बघत, कारण माझ्याशी ते थेट बोलत नसत. आमच्याकडची रीतच तशी. थोरल्या दिरासमोर भावजयीने डोक्यावर ओढणी घ्यायची, चार पावलं मागून चालायचं, काही सांगायचं तर पोरांमार्फत. आमची लेक इंग्लिश शाळेतली. "काका वॉन्ट्स फोटो," एवढंच तिने मला भाषांतर करून दिलं.

आता नाही कशाला म्हणायचं? नवऱ्याने कॅमेऱ्यात नवा रोल भरला, मी थर्मास आणि डब्याची पिशवी भरली, आणि ऊन उतरल्यावर निघालो.

तिथे रीतीनेच घात केला. भावजी सवयीने पुढे एकटे, आम्ही मागून. वॉचमनने त्यांना अडवलं. आम्ही धावत पोचलो. नवरा म्हणाला, "ये मेरा बडा भाई है." वॉचमन काही ऐकेना. बाहेर उभी राहणारी पोरं कुठल्याही फॅमिलीला चिकटून आत घुसतात, हे त्यालाही माहीत होतं.

"इसका फॅमिली किधर है?"

भावजी सरळ माणूस. म्हणाले, "गाव में. रत्नागिरी."

"उधर है ना? इधर तो बॅचलर. खलास."

लग्नाला वीस वर्षं झालेला, थोरली लेक लग्नाला आलेली, तो माणूस बॅचलर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मुळात तोंडाळ. हिंदी मोडकी असली तरी भांडायला पुरते. पण नवरा माझी ओढणी ओढत, "जाऊ दे, दुसरीकडे बसू." आणि भावजी तर निघालेच होते. कोणी अडवलं की वळायचं, ही त्यांच्या अंगात मुरलेली सवय. तेच बघून मला जास्त चीड आली.

"दुसऱ्या गेटाने जायचं," मी म्हटलं. लेकीला त्यांच्या कडेवर दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिराच्या शेजारून चालायला लागले. ते बिचारे अंग चोरून चाललेले. लेक त्यांचा कान धरून बसलेली. तिथल्या वॉचमनने एकदा बघितलं आणि आत जा म्हणून हात हलवला. "यल्ला, यल्ला."

आत शिरलो न शिरलो तोच मागून ओरडा. "ए! बॅचलर नॉट अलाउड!"

वळून बघते तर पिशवी आणि कॅमेरा घेतलेला माझा नवरा अडकलेला.

"अरे, वो मेरी बीवी है!"

"उसका आदमी तो अंदर गया," वॉचमन हसत म्हणाला.

अगं आई गं! धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भावजींच्या तोंडाकडे बघायची माझी छाती नव्हती. नवरा मात्र पोट धरून हसत होता. त्याने रेलिंगवरून कॅमेरा माझ्याकडे दिला. "काढून या फोटो. मी चहा पितो इथेच."

भावजी पाण्याजवळच्या बाकावर बसले, अगदी कडेला. पलीकडे लाकडी गलबतं लागली होती. हिरवळीवर सतरंज्या पसरून माणसं बसली होती. कोणी इजिप्तकडचे मिसरी, कोणी मलबारी, शेगड्या पेटलेल्या, बायका डबे उघडतायत, पोरं आइस्क्रीम मागतायत. एक म्हातारी नवऱ्याला संत्रं सोलून देत होती. भावजी सगळं बघत राहिले.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. "काकांना सांग, हसा म्हणावं."

"काका, स्माइल!"

ते हसले नाहीत. हात वर केला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले.

"नको गो काढू."

"का? त्यासाठी तर आलो."

"हा फोटो बघून ती विचारेल, एवढी चांगली जागा होती, तर मला एकदा का नाही आणलंत? पगार पुरत नव्हता, हे तिला पटेल गो. पण रडेल ती."

फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा त्यांचा पगार कधी झालाच नाही. आम्हाला तो व्हिसा मिळाला, कारण माझा नवरा ऑफिसात होता. त्याला शिकवलं होतं याच माणसाच्या पैशाने. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ओढणी कधी खांद्यावर आली तेही कळलं नाही.

थोड्या वेळाने आम्ही बाहेर आलो. फोटो काढला तो फुटपाथवर. दोघे भाऊ, मागे रस्ता आणि उभ्या गाड्या. शनिवारी ते गेले.

पुढच्या वर्षी सुट्टीत मी गावी गेले, तर तो फोटो भिंतीवर होता. जाऊबाईंनी मला चहा दिला आणि पदराने काच पुसत म्हणाल्या, "हे सांगतात, तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. नुसती वाळू आणि गाड्या. खरं का गो?"

भावजी ओटीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"खरं," मी म्हटलं. "काहीसुद्धा नाही, जाऊबाई."