आईच्या छातीतली गाठ

गरम हळदीचा वास आला की पांढुर्ण्याची ऐंशीच्या दशकातली एक दुपार आठवते. आईच्या छातीत गाठ झाली होती आणि कोणालाही न सांगता ती गाठीवर हळदीचा लेप लावत होती. मला कळलं तेव्हा मी दवाखान्यात चल म्हणून तिच्या मागे लागले. "नागपूरले नाही जात मी. कापून टाकतीन मले," एवढंच ती म्हणे. शेवटी मी सौंसरच्या महिला मंडळात गेले. तिथल्या बाया अशा आजारी बायकांना नागपूरच्या दवाखान्यात सोबत करत. त्यांच्यातली एक दुसऱ्याच दिवशी बसने घरी आली. पाणीसुद्धा न पिता तिने दार लावलं, ब्लाउजची बटणं सोडली आणि आईचा हात धरून आपल्या सपाट छातीवरच्या व्रणावर ठेवला. "मीबी अशीच भेऊन राहिली होती, बाई. पाहा, जिती आहो." हात तसाच ठेवून आईने हळूच विचारलं, "तुमी याल काय माझ्यासंग?" ऑपरेशननंतर आईला पुष्कळ वर्षं मिळाली. मी मात्र अजूनही अंघोळीच्या वेळी स्वतःची छाती चाचपते, आणि हाताला काही लागलं नाही तरी थोडा वेळ तशीच उभी राहते.