बुरैदा ते खमीस मुशैत, दोन इंजिनांत

आधीच सांगून टाकते. ज्यांना मोटरहोम घेऊन सौदी पालथं घालायचंय त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांना स्वतःच्या टापटिपीचा फार गर्व आहे त्यांनी दोनदा वाचावं. मी दुसऱ्या गटातली. परत येऊन तीन आठवडे झाले, तरी धक्का ओसरलेला नाही.

मी बुरैदाच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे, सोळा वर्षं झाली. नवरा प्रकाश तिथेच एक्स-रे टेक्निशियन. मूळचे आम्ही सांगलीचे. गेल्या हिवाळ्यात या माणसाने मला न विचारता एक जुनं डिझेल मोटरहोम विकत घेतलं. आत दोन पलंग, शेगडी, एवढंसं बेसिन, आणि बाहेर काळ्या धुराचा लोट. "अगं, इंजिनाचं काम काढलं की पळेल बघ," म्हणे. मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून पडद्यांचं कापड शोधायला लागले.

इंजिन बांधलं दाऊदचाचांनी. चाचा म्हणजे श्रीवर्धनकडचे, साठी ओलांडलेले मेकॅनिक. सनाइयात, म्हणजे गावाबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीत, एकाच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, तीस वर्षं काम करतात. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं घातलं. तीन आठवडे लागले. चाचांना उमरा करायचा होता आणि बांधलेलं इंजिन पहिल्या लांब पल्ल्यात स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं. म्हणून ठरलं की त्यांनी तायफपर्यंत आमच्याबरोबर यायचं, तिथून ते मक्केला जातील आणि आम्ही डोंगरातून खमीस मुशैतला. दहा दिवसांची रजा, दोन किलो खजूर, मेथीचे ठेपले, एक प्रेशर कुकर. निघालो.

पहिला दिवस अफीफच्या रस्त्याने. रस्ता सरळ आणि चांगला, पण पंप लांब लांब आहेत, तेव्हा टाकी अर्धी झाली की भरून घ्या. पंपावर गरम खबूस रोटी आणि फूल, म्हणजे वाटलेल्या घेवड्याची उसळ, दहा रियालात दोघांचं पोट भरतं. चाचा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. प्रकाशने विचारलं, "चाचा, झोपलात काय?"

"झोपतंय कुठला? ऐकतंय," चाचा म्हणाले. "बरा चाललाय. नव्वदच्या वर नको नेऊ."

अफीफ मागे टाकून तासभर झाला असेल. चाचांनी एकदम डोळे उघडले. "बंद कर! बंद कर गाडी!" प्रकाश म्हणतोय काय झालं, काय झालं, तोवर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, खालून कोणी घण मारावा तसा आवाज आला आणि इंजिन जाग्यावर जाम झालं. गाडी घरंगळत कडेला लागली. आजूबाजूला वाळू, तारेचं कुंपण आणि आमच्याकडे बघणारे चार उंट. चाचांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी इतकंच म्हणू शकले, "अहो, हे नवंच होतं ना?"

सतहा बोलवावा लागला. सतहा म्हणजे गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक. टीप लिहून घ्या: भाव आधी ठरवा, गाडी चढवल्यावर नाही. आम्ही चढवल्यावर ठरवला आणि चांगलेच सोलले गेलो. पण प्रकाश पैशांवरून नाही, चाचांवरून भडकला होता. तायफपर्यंत तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि पोचल्यावर जे बोलला ते मला ऐकवेना. "तीन आठवडे काय केलंत? डोळ्यांना दिसत नाही तर कामं घेता कशाला?"

चाचांनी पिशवी खाली ठेवली. फक्त म्हणाले, "उद्या चेंबर खोलूया. मग बोल."

त्या संध्याकाळी प्रकाशने अजून एक करून ठेवलं, कफीलला फोन लावला. कफील आधीच चाचांवर टपलेला. यंदाच्या दोन गाड्या तक्रारीसकट परत आलेल्या. तो म्हणाला, आता तिसरी. चूक दाऊदची निघाली तर या महिन्यातच त्याला फायनल एक्झिट देतो, खलास. म्हणजे इकामा, राहण्याचा परवाना, रद्द आणि कायमचं घरी. हे चाचांसमोर, स्पीकरवर. मी नवऱ्याकडे बघतच राहिले. वीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला इतका परका कधी वाटला नव्हता.

दुसरा दिवस. तायफ जवळजवळ अठराशे मीटर उंच, हवा सुरेख, बाजारात डाळिंबं लालबुंद, आणि आम्ही मात्र सनाइयात तेलात माखलेले. एका येमेनी गॅरेजवाल्याने जागा आणि हत्यारं दिली, वर सुलेमानी चहाही. चाचा गाडीखाली सरकले. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात, खाली आली. वर तेल ओढून घेणारी नळी असते, तिच्या तोंडाला जाळी असते. त्या जाळीला काहीतरी काळं, बुळबुळीत चिकटलं होतं. चाचांनी ते दोन बोटांनी सोडवलं.

"चिंधी," ते म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "आत चिंधी राहिली. तेल वर जायचं कुठून? माझ्याच हातून राहिली असेल."

त्यांनी ती चिंधी डिझेलमध्ये खळबळली आणि पाटीवर ठेवली. काळं निघालं तशी तिच्यातून एक निळी रेघ दिसायला लागली. मी पाटीवर वाकले.

कारण ती चिंधी नव्हती हो. ऑपरेशनच्या गॉजमध्ये एक निळा धागा विणलेला असतो. गॉज चुकून पोटात राहिला तर तो धागा एक्स-रेत दिसतो. या पृथ्वीतलावर हा धागा ओळखणारी दोनच जातींची माणसं, थिएटरच्या नर्स आणि एक्स-रेवाले, आणि आम्ही दोघं तिथे शेजारी शेजारी उभे.

आता माझा पराक्रम ऐका. बुरैदात इंजिन बांधत असताना एका शुक्रवारी मी चाचांना डबा घेऊन गेले होते. ते जुम्याच्या नमाजाला गेलेले. इंजिन घोडीवर उलटं, उघडं, वर नुसतं प्लास्टिक. वारा सुटला होता, धूळ उडत होती. माझ्यातली थिएटरवाली उसळली. उघडा पेशंट आणि त्यावर धूळ? पर्समध्ये गॉजचं पाकीट होतं, हॉस्पिटलातून घरी आलेलं. एकाने बेअरिंगं पुसली, बाकीचे भोकांत बोळे करून बसवले. चाचा येताना दिसले तसे पटापट उपसून घेतले आणि कौतुकाने स्वतःवरच खूश होत डबा उघडून दिला. त्यांना बोललेसुद्धा नाही. थिएटरमध्ये टाके घालायच्या आधी आम्ही दोघी दोघी मिळून गॉज मोठ्याने मोजतो. सोळा वर्षांत माझा हिशेब एकदाही चुकलेला नाही. तिथे मी मोजलेच नाहीत.

प्रकाशने माझं मनगट धरलं. पुटपुटला, "गप्प बस. हॉस्पिटलचा माल आहे तो. आपली नोकरी जाईल."

तेवढ्यात चाचांनीच फोन काढला आणि कफीलला लावला. अरबीत सांगायला लागले, मालक, चूक माझी आहे, आत कापड राहिलं. इतकं सरळ, इतकं सोपं! मला राहवेना. मी ओरडलेच, "चाचा, थांबा! ते माझं आहे. मी ठेवलंय ते!"

आणि माझ्या मोडक्या अरबीत मी सगळं ओकले. चाचा माझ्याकडे बघत राहिले. फोनच्या स्पीकरवर कफील हसला. म्हणाला, तुम्ही हिंदी लोक एकमेकांना पाठीशी घालता, मला माहीत नाही का? बाई म्हाताऱ्यासाठी खोटं बोलतेय. मी थक्क! आयुष्यात एवढी मोठी कबुली दिली आणि ती कोणी घेईना. मी नवऱ्याकडे वळले. "अहो, आता तरी तोंड उघडा!"

प्रकाशने मान खाली घातली. क्षणभर वाटलं, हा काही बोलायचा नाही. मग तो गाडीत चढला, प्रथमोपचाराच्या डब्यातून त्याच पाकिटातला उरलेला कोरा गॉज घेऊन आला आणि व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही शेजारी धरले. निळा धागा, निळा धागा. "मी एक्स-रे काढतो. रोज बघतो हा धागा. गॅरेजात हे कापड नसतं. चूक आमच्या घरची आहे," तो म्हणाला. कफीलने धागा जवळ धरायला लावला. मग म्हणाला, बरं, दाऊद राहील, आणि त्या बाईला माझ्या गॅरेजात पाय ठेवू देऊ नका.

मला वाटलं, चाचा आता सुटकेचा श्वास टाकतील. कसलं काय! हात पुसत ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "ताई, तुमच्या टेबलावर पेशंट उघडा पडलाय आणि मी येऊन त्याच्या पोटात हात घातला तर चालेल तुम्हाला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग माझ्या इंजिनात हात घातलाच कसा तुम्ही?"

मी रडले. ते रागातच होते. खरं बोलल्याचं जे काही मोठेपण माझ्या डोक्यात चढलं होतं ते सगळं उतरलं.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. क्रँकवर खोल चरे पडलेले, एक दांडा वाकडा. हे इंजिन परत बांधण्यात अर्थ नव्हता. मग तश्लीहला गेलो. तश्लीह म्हणजे भंगार गाड्यांचा बाजार, मैलभर नुसती उघडी पडलेली वाहनं. चाचांनी पाच इंजिनं नाकारली, झाकणं उघडून वास घेतला, सहाव्याला बॅटरी जोडून चालवून बघितलं, तेव्हा कुठे "घ्या" म्हणाले. जुनं इंजिन घेताना चालू करून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि इंजिनाचा नंबर असलेली पावती मागून घ्या. चौथा आणि पाचवा दिवस बसवण्यात गेला. मी दहा फुटांवर खुर्ची टाकून बसायचं, असा हुकूम होता. प्रकाश मात्र चाचांच्या हाताखाली निमूट राबला. काम सुरू करतानाच त्याने माफी मागितली होती, चाचा "पाना दे" एवढंच म्हणाले होते.

सहाव्या दिवशी आम्ही चाचांना तायफबाहेर मीकातला, म्हणजे यात्रेकरू इहरामची पांढरी वस्त्रं नेसतात त्या ठिकाणी, सोडलं. मक्केत मुसलमानांनाच प्रवेश, पुढची वाट आमची नव्हती. ते उतरताना म्हणाले, "पाच हजार किलोमीटरला तेल बदला. आणि कोणाला हात लावू देऊ नका." मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा किंचित हसले.

बाहाचा घाटरस्ता देखणा आहे, एकीकडे धुकं आणि एकीकडे माकडांची टोळधाड. खिडक्या बंद ठेवा, माझ्या ठेपल्यांचा डबा गेला. खमीस मुशैतला पोचलो तेव्हा दुपारी स्वेटर घालावा लागला. मंदी, म्हणजे भातावरचं मटण, खाल्ली, बाजारातून मध घेतला. गाडी चढावर एकदाही कण्हली नाही. पण मला काही गोड लागेना. परतीला बिशावरून आलो.

बुरैदात आल्यावर चौथ्या दिवशी चाचा घरी आले. मी वाटच बघत होते, बासुंदी करून ठेवली होती. वाटी हातात घेऊन ते म्हणाले, "ताई, मीच मागून घेतलं. फायनल एक्झिट."

माझ्या हातातला डाव खाली पडला. "चाचा, का? चूक माझी होती! कफीलने मान्य केलं की!"

"तुम्ही ठेवलं हे खरं. पण चेंबर बंद केला तो मी. भोकं बघायची तीस वर्षांची सवय माझी. पांढरं कापड होतं, ताई, आणि मना दिसला नाय." त्यांनी वाटी संपवली, धुवायला उठले. "तुमच्या नवऱ्याचा बोलणा वाईट होता. खोटा नव्हता."

गाडी दारात उभी आहे, एका चावीत सुरू होते. चाचा गेल्या गुरुवारी श्रीवर्धनला गेले. मी त्यांना विमानतळावर पोचवायला गेले होते आणि त्यांच्या बॅगा मोठ्याने मोजून दिल्या.